महिन्याच्या बोलीचं बिऱ्हाड

घर भाड्याने देताना मालक काय काय अटी घालतात ते ऐकण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. पण रत्नागिरीत झाडगावातलं ते घर आम्ही घेतलं तेव्हा मी त्या बाबतीत अगदीच कोरी होते. तीस सालच्या आगेमागची गोष्ट. माझ्या लग्नाला फार दिवस झालेले नव्हते. मालक ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून एकेक अट सांगत होते आणि मी दाराआड उभी राहून ती पाठ करत होते. विहिरीवर जायचं ते त्यांच्या घरचं पाणी भरून झाल्यावर. दिवेलागणीनंतर जातं ओढायचं नाही. भिंतीला खुंटी ठोकायची नाही. आवारातले आंबे-फणस त्यांचे. झाडावरचे तर त्यांचेच, पण खाली पडलेलेही त्यांचेच. पुढच्या दाराने यायचं-जायचं नाही, आमचं दार बाजूच्या पडवीतून. "तुमचं घर वेगळं, आमचं घर वेगळं, म्हणजे कटकट नाही," असं ते पुन्हा पुन्हा म्हणाले. भाडं महिन्याच्या महिन्याला, इंग्रजी तारखेने. कागद वगैरे काही झाला नाही.

यांनी सगळ्याला मान डोलावली. हे शाळामास्तर. वर्गात यांच्यासमोर पोरं श्वाससुद्धा विचारून घेत, पण घरमालकापुढे यांचाच विद्यार्थी व्हायचा. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "पडलेला आंबा कुणाचा, ते आंब्याला तरी ठाऊक असतं का हो?" मालक हसले. म्हातारी खट आहे, असं त्यांनी नंतर घरात जाऊन बायकोला सांगितलं. ते आम्हांला ऐकू आलं, कारण दोन्ही घरांमधली भिंत कुडाची होती, नुसती मातीने लिंपलेली. पलीकडे कुणी शिंकलं तर इकडून शतायुषी म्हणावं.

गावाकडे आमचं म्हणण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. सासरे गेल्यावर घर भाऊबंदांच्या वाटणीला गेलं आणि सासूबाई एक पेटी आणि देव एवढं घेऊन मुलाच्या मागोमाग रत्नागिरीला आल्या. त्यामुळे हेच दोन खोल्यांचं आणि स्वयंपाकघराचं बिऱ्हाड त्यांचं घर. "माझ्या घरात" असंच त्या म्हणत. भाड्याचं आहे हे त्या विसरल्या नव्हत्या, पण बोलण्यात तसं येऊ देत नसत.

दोन पावसाळे बरे गेले. तिसऱ्या वर्षी थंडीत सासूबाईंना दम लागायला लागला. पायांवर सूज आली, मग ती गुडघ्यापर्यंत चढली. माघात त्यांनी अंथरूण धरलं. डॉक्टर येऊन गेले, बाहेर पडवीत यांना म्हणाले, "काळजी घ्या," आणि जाताना माझ्याकडे पाहिलं नाही. त्यावरून मी काय ते समजले.

मालकांचं वागणं मात्र त्या दिवसांत फारच चांगलं झालं. सकाळी पडवीत उभे राहून विचारायचे, "कसं काय आज? रात्र बरी गेली ना?" मालकीणबाई मऊ पेज आणि वर मेतकूट घेऊन यायच्या. एकदा तर मालक स्वतः जाऊन डॉक्टरांना घेऊन आले. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं. परक्या गावात असा शेजार मिळायला नशीब लागतं, असं मी यांना म्हणालेसुद्धा.

पण दोन-चार दिवस अशी सरबराई झाली की मग कुणी फिरकायचं नाही. सासूबाई घामाने भिजून कण्हत असल्या तरी पलीकडे शांत. पुन्हा काही दिवसांनी एकदम पेज, विचारपूस, "डॉक्टरांना बोलावू का?" मला वाटलं, त्यांनाही संसार आहे, सवड होते तेव्हा येतात. मी भाबडी होते असं नाही. पण वाईट शोधायला जावं इतकी उसंतच नव्हती.

एका सकाळी मालकीणबाई आल्या, पेजेचं भांडं टेकवलं आणि सासूबाईंच्या श्वासाकडे टक लावून बघत बसल्या. म्हणाल्या, "आजचा दिवस काढायला हवा हो मास्तरीणबाई. उद्या दुपारी सुटतं."

"काय सुटतं?" मी विचारलं.

"पंचक गो. उद्या दुपारनंतर काय हरकत नाय."

हे इतक्या सहज म्हणाल्या की ते कळायला मला जरा वेळ लागला. पंचकात किंवा तसल्याच एखाद्या वाईट नक्षत्रावर घरात कुणी गेलं, तर ते घर काही महिने बंद करायचं आणि सगळ्यांनी बाहेर पडायचं, ही रीत मलाही माहीत होती. माहेरी आमच्या शेजारच्यांनी तशी पाळलेली मी पाहिली होती. नाही पाळली तर त्या घरातून आणखी माणसं जातात म्हणत. आणि मालकांच्या मुलीचं लग्न वैशाखात त्याच अंगणात व्हायचं होतं. मुलगी चांगली होती, सावळी म्हणून दोनदा नाकारली गेली होती, आणि आता कुठे मुंबईचं स्थळ जमलं होतं. घर बंद पडलं असतं तर मांडव कुठे घालणार?

म्हणजे पेज यायची ती वाईट नक्षत्रावर. चांगल्या नक्षत्रावर सासूबाईंनी जायला मालकांची काही ना नव्हती.

त्या दिवसापासून मीही पंचांग बघायला लागले. चोरून बघायची. महिन्यातले जवळजवळ निम्मे दिवस मरायला वाईट आहेत हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. दुपारी सासूबाई झोपल्या की मी त्यांच्या नाकापुढे हात धरायची. वाईट दिवस असला तर जास्त वेळा धरायची. मालकांना मी मनातल्या मनात काय काय शिव्या दिल्या असतील, पण भीती मात्र मलाही त्यांच्याइतकीच वाटत होती. भीतीला काही घरमालक-भाडेकरू कळत नाही. आणि आमचं म्हणायला तर अंगणसुद्धा नव्हतं. घर बंद करून आम्ही जाणार होतो कुठे?

फाल्गुन लागला तसे मालक एक दिवस संध्याकाळी पडवीत येऊन बसले. हे नुकतेच शाळेतून आले होते. मालकांनी पाणी घेतलं, पोफळींना पाणी कमी पडतं वगैरे बोलले आणि मग म्हणाले, "मास्तर, रागावू नका. आगराच्या टोकाला आपला मांगर आहे. गडी साफ करून देईल. हवा चांगली लागते तिथे. तुमच्या आईला तिथे ठेवलंत तर…"

मांगर म्हणजे सुपाऱ्या आणि नारळाची सोडणं ठेवायची झोपडी. कोपऱ्यात पेंढा, वर उंदीर. राखणीचा गडी तिथे निजायचा.

यांनी मान हलवली. मग म्हणाले, "आईला उचलून नेणं बरं नव्हे. डॉक्टर हलवू नका म्हणतात."

"मी तरी काय करू?" मालकांचा आवाज खरोखरच रडवेला झाला. "पोरीचं लग्न आहे. ज्योतिषांना विचारलं, एका आढ्याखालचं ते एक घर म्हणतात. मध्ये भिंत असली म्हणून काय झालं."

मला राहवलं नाही. मी दाराआडून म्हणाले, "आंबे उचलताना तर तुमचं घर वेगळं होतं!"

यांनी वळून माझ्याकडे डोळे वटारून बघितलं. मालक उठून गेले. सगळं बोलणं कुडाच्या अलीकडेच झालं होतं, त्यामुळे सासूबाईंनी शब्दन् शब्द ऐकला असणार. पण मी आत गेले तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मी विचारलं, "पाणी देऊ?" तर म्हणाल्या, "मांगरात उंदीर फार असतात ना गो?" मी त्यांचे पाय चेपत बसले.

दुसऱ्या दिवशी हे एका वकिलांकडे गेले. वकिलांचा मुलगा यांच्या वर्गात, म्हणून फीचा प्रश्न नव्हता. परत आले ते ताठ मानेने. चपला काढायच्या आधीच सांगायला लागले. महिन्याच्या बोलीचं बिऱ्हाड, त्याचा कायदा ठरलेला आहे. महिना संपायला निदान पंधरा दिवस असताना लेखी नोटीस द्यायला हवी, आणि ती महिना संपतो तिथेच संपली पाहिजे. तोंडी सांगितलेलं चालत नाही. तोवर या भिंतींच्या आत राज्य आपलं. मालकाला न विचारता पाऊल टाकता येणार नाही, दार काढता येणार नाही, वाट अडवता येणार नाही, विहीर आधीपासून वापरत आलो ती बंद करता येणार नाही. घरातलं माणूस कुठल्या खोलीत निजेल हे तर त्याने बोलायचंच नाही.

"आणि नक्षत्राचं?" मी विचारलं.

"मीही विचारलं. म्हणाले, कायद्यात नक्षत्र नाही."

सासूबाई अंथरुणावरून म्हणाल्या, "वकिलाने आणखी काय सांगितलंन?"

यांनी सांगितलं, "म्हणाले, कायद्याने घर टिकतं मास्तर, शेजार टिकत नाही."

"शहाणा आहे," सासूबाई म्हणाल्या.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. मालक पुन्हा विचारायला आले असते तर "नाही जमत" म्हणून विषय संपवता आला असता. पण मास्तरकी माणसाच्या हाडात मुरते. मालक दोन दिवसांनी पडवीत आले, आणि यांनी त्यांना बसवून सगळा कायदा शिकवला. शिकवला म्हणजे शिकवलाच. आधी सावकाश एकदा सांगितला, मग उदाहरण देऊन सांगितला. "समजा, मी तुमचं घर पहिल्या तारखेला घेतलं…" मालक मांडीवर हात ठेवून ऐकत होते. इतक्या लक्षपूर्वक ऐकणारा विद्यार्थी यांना शाळेत कधी मिळाला नसेल.

"म्हणजे तोंडी सांगून चालत नाही?" मालकांनी विचारलं.

"मुळीच नाही. लेखीच हवी."

"आणि महिना कसा धरायचा? तिथीने की तारखेने?"

"भाडं तारखेने ठरलंय ना? मग तारखेने!" यांना इतका आनंद झाला होता, की जणू गणित सुटलं.

"आणि समजा मधेच दिली, विसाव्या तारखेला?"

"मग ती फुकट. पुढचा महिना धरावा लागेल. साक्षीदार असले तर उत्तम, म्हणजे मिळाली नाही म्हणायला नको."

मी आतून बांगड्या वाजवल्या. एकदा वाजवल्या, पुन्हा वाजवल्या, मग तांब्या मुद्दाम पाटावर आपटला. यांनी आत वळून "मांजर आलंय वाटतं" म्हटलं आणि पुढचं कलम सुरू केलं. मला हसूही येत होतं आणि रडूही येत होतं. मालक उठले तेव्हा त्यांनी यांना नमस्कार केला. "बरं झालं सांगितलंत," म्हणाले. "आम्हांला यातलं काय कळतं?"

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. भांडण नाही, टोमणे नाहीत, मांगराचं नाव नाही. पेजही आली नाही. मालकीणबाई विहिरीवर दिसल्या तर कळशीत बघत राहायच्या. यांना वाटलं, मामला मिटला. "कायदा माहीत असला की लोक वाट सोडतात," असं हे जेवताना म्हणाले. मला मात्र पलीकडच्या शांततेची धास्ती वाटे. कुडापलीकडे कुणी हळू आवाजात बोलायला लागलं की मी हातातलं काम टाकून ऐकत बसायची, आणि नेमकं तेव्हाच ते बोलणं थांबायचं.

पुढचा महिना लागला आणि पहिल्याच आठवड्यात मालक दोन साक्षीदार घेऊन आले. कागद स्वच्छ अक्षरात लिहिलेला होता. महिनाअखेर घर खाली करून द्यावं. यांनी तो उभ्या उभ्या वाचला. मग पुन्हा वाचला, वहीत चूक शोधतात तसा. एकही चूक नव्हती. यांच्याच शिकवणीतला तो धडा होता आणि विद्यार्थ्याने पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते.

"मास्तर, वाईट वाटून घेऊ नका," मालक म्हणाले. "तुम्हीच सांगितलंत तसं केलंय. कायद्याबाहेर एक पाऊल टाकलेलं नाही."

यांनी सही केली. साक्षीदार गेले. हे पडवीच्या खांबाला टेकून बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. मी रागाने काहीतरी लागेल असं बोलणार होते, पण यांचा चेहरा पाहिला आणि आत जाऊन पाणी आणलं.

मग घरं शोधणं सुरू झालं. हे शाळा सुटली की निघायचे, दिवे लागल्यावर परत यायचे. कधी मी सोबत जायची, सासूबाईंपाशी शेजारच्या आळीतली एक म्हातारी बसवून. रत्नागिरीत बातमी आगबोटीच्या आधी बंदराला लागते. आम्ही दारात उभे राहायच्या आत लोकांना आमच्याकडे कोण आजारी आहे ते ठाऊक असायचं. "मास्तर, तुमच्याबद्दल काही नाही हो, पण…" असं सुरू झालं की मी पुढचं ऐकायचं सोडून द्यायची. एकांनी मधल्या खोल्या रिकाम्या असताना भाचा येणार आहे म्हणून सांगितलं. दुसऱ्यांनी सरळ विचारलं, "डॉक्टर काय म्हणतात? किती दिवस?" यांनी त्यांना नमस्कार केला आणि चालू लागले. खाडीच्या बाजूला एक जागा मिळत होती, पण तिथली जमीन हात लावला तर ओली लागायची. तिथे सासूबाईंना निजवणं म्हणजे मांगर परवडला.

महिना सरत चालला. माझी झोप उडाली. रस्त्याने बैलगाडी गेली तरी सामान न्यायलाच आली असं वाटायचं. कधी वाटे, वकिलांकडे जावं आणि नाही सोडत म्हणावं. मालक दावा लावील, लावू दे. हेही एकदा तसं म्हणाले. पण दावा चालेल तोवर कुडापलीकडे ती माणसं बसणार, पंचांग पुढ्यात घेऊन आणि सासूबाईंचे श्वास ऐकत. ते यांनाच सोसेना. आणि त्या मुलीच्या मांडवाचंही मनात यायचंच. ती कधीमधी पडवीत येऊन सासूबाईंना तुळशीची मंजिरी देऊन जायची, आणि जाताना तिचे डोळे खाली असायचे.

एक दिवस यांनी सांगितलं, पाखाडीच्या पायऱ्या चढून वरच्या अंगाला एका विधवा बाईंचं घर आहे, दोन खोल्या रिकाम्या आहेत, पण बाई फार चोखंदळ. घरातली सगळी माणसं बघितल्याशिवाय जागा देत नाहीत. झालं, म्हणजे तेही गेलं, असं मी मनात म्हटलं.

सासूबाई उठून बसल्या. "मला न्या," म्हणाल्या.

"आई, तू पाखाडी कशी चढशील?" यांनी विचारलं.

"पायांनी."

त्यांनी मला पेटीतलं ठेवणीतलं लुगडं काढायला लावलं. पायांची सूज दिसू नये म्हणून ते खाली घोट्यापर्यंत सोडून नेसल्या. तोंड धुतलं, केस विंचरले. बैलगाडीने आम्ही पाखाडीच्या तोंडाशी गेलो. पुढे पायऱ्याच. हे त्यांना धरायला गेले, तर त्यांनी यांचा हात झटकला. "वरून कुणी बघत असेल तर?" म्हणाल्या.

त्या चढल्या. मध्ये दोनदा थांबल्या. पण दम खायला थांबलो असं दिसू नये म्हणून गडग्यावरच्या वेलीकडे बोट दाखवून मला विचारायच्या, "ही कसली गो वेल?" मला ती वेल आठवत नाही. मला त्यांच्या गळ्याची हलणारी शीर आठवते. मी "सांगते हं" म्हणायची आणि त्यांचा श्वास खाली बसेपर्यंत काहीबाही बोलत राहायची.

बाई ओटीवरच होत्या. उंच, रुंद हाडाच्या, नजर अगदी आरपार. त्यांनी आम्हांला बसायला सांगितलं आणि पहिलाच प्रश्न केला, "घरात आजारी कोणी नाय ना? मला ते झेपायचं नाय, मी एकटी."

हे बोलायला तोंड उघडत होते. यांना खोटं बोलता येत नाही, सगळं बिघडणार हे मला दिसत होतं. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "सून जरा अशक्त आहे हो. बाकी आम्ही ठणठणीत."

मी तेव्हा दोन माणसांनी ओढावं इतकं पाणी एकटी ओढायची. माझ्याकडे बघून कुणी अशक्त म्हटलं असतं तर बैलसुद्धा हसले असते. पण मी लगेच मान खाली घातली आणि जरा खोकले. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग सासूबाईंकडे पाहिलं, फार वेळ पाहिलं. सासूबाई पाठ ताठ करून बसल्या होत्या. कशालाही टेकल्या नव्हत्या. शेवटी बाई म्हणाल्या, "सुनेला कुळथाचं कढण द्या. पहिल्या तारखेपासून या."

त्यांना कळलं होतं की नव्हतं, ते मी कधी विचारलं नाही. गाडीत बसल्यावर सासूबाईंची मान माझ्या खांद्यावर पडली. मला वाटलं, संपलं. पण त्या डोळे मिटून म्हणाल्या, "पहिली तारीख कधी?" मी सांगितलं. "तोवर काढते," म्हणाल्या.

त्यांनी काढले ते दिवस. मधे एक वाईट नक्षत्र आलं आणि पलीकडून बऱ्याच दिवसांनी पेज आली. मी ती घेतली आणि सासूबाईंना पाजली. रागापायी तेवढीही पेज टाकावी अशी आमची परिस्थिती नव्हती. निघायच्या दिवशी मालक स्वतः हजर होते. घर सोडायला चांगली वेळ कोणती ते त्यांनीच पंचांगात पाहून दिलं होतं. गडी लावून सामान गाडीत चढवलं, सासूबाईंना स्वतः आधार देऊन बसवलं, आणि खाली वाकून त्यांच्या पाया पडले. "माझ्यावर राग धरू नका," म्हणाले. त्यांचे डोळे खरंच भरले होते. सासूबाईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरीचं लग्न चांगलं होवो," म्हणाल्या. मालकीणबाईंनी माझी ओटी भरली ती मी कशीबशी घेतली.

पाखाडीवर यांनी सासूबाईंना पाठुंगळीला घेतलं. आता कुणी बघत असलं तरी फरक पडत नव्हता, जागा ठरली होती. बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी काही न विचारता आतल्या खोलीत, जिथे वारा लागत नाही तिथे, चटई टाकून दिली आणि आपल्या घरात निघून गेल्या.

सासूबाई आडव्या झाल्या. वरच्या वाशांकडे, भिंतीकडे, दाराकडे सावकाश बघून घेतलं. इथली भिंत जांभ्याच्या चिऱ्यांची होती, पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. मग त्यांनी यांना जवळ बोलावलं.

"इथून कुणी उठवणार नाही ना रे?"

यांनी खोटी आशा लावायची नाही म्हणून जे खरं होतं तेच सांगितलं. "महिनाभर तरी कायद्याने कुणी उठवू शकत नाही, आई."

"महिना पुष्कळ झाला," सासूबाई म्हणाल्या, आणि कुशीवर वळल्या.

मी स्वयंपाकघरात जाऊन चूल पेटवायला बसले. लाकडं ओली नव्हती, तरी माझे डोळे पुसून संपेनात. हे बाहेर ओटीच्या कडेला जाऊन उभे राहिले, लहान मूल उभं राहतं तसे, पाठ करून. त्या महिन्यातले बरेच दिवस उरले होते तेव्हाच त्या गेल्या. उरलेल्या दिवसांचं भाडं आम्ही आधीच भरलेलं होतं.